पत्ता आधीच वापरात आहे

दत्तप्रसाद निंभोरकरने बायकोच्या पहिल्या हाकेला ओ दिली, असं धानोरीतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात कधी घडलं नव्हतं. पूर्णिमा स्वयंपाकघरातून 'अहो' म्हणायची, मग थोडं थांबून पुन्हा 'अहो', आणि तिसरी हाक आली की हा कॉम्प्युटरवरची नजर न काढता 'काय आहे?' असं विचारायचा, तेही अशा सुरात की तिने पुढचं बोलणं गिळून टाकावं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हे तिला यवतमाळला आईने शिकवलं होतं. हाकेसरशी ओ दिली तर माणूस रिकामटेकडा दिसतो, हे याचं यानेच शोधून काढलं होतं. लग्नाला चार वर्षं झाली होती. पहिल्या वर्षी ती रुसायची, दुसऱ्या वर्षी रडायची, आणि आता न चुकता तीन हाका मारायची, भाजीत मीठ घालावं तितक्या सवयीने.

ऑफिसातही त्याची हीच तऱ्हा. कामाला तरबेज, पण राग कायम नाकाच्या शेंड्यावर, आणि समोरचा बोलायला लागला की चेहऱ्यावर 'हा मूर्ख आणखी किती वेळ घेणार' असं स्वच्छ लिहिलेलं. चांगल्या दिवसांत असली माणसं खपून जातात. पण ते मंदीचं वर्ष होतं, नऊ जणांच्या टीममधले सहा जण फेब्रुवारीतच घरी गेले होते, आणि उरलेल्या तिघांपैकी घरी बसून काम सांभाळू शकतील अशा दोघांनाच कंपनी ठेवणार होती. मॅनेजर सुनीती परचुरे अस्सल पुणेरी बाई. आवाज चढवणं त्यांना माहीतच नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी त्या एवढंच म्हणाल्या, "रविवारी दुपारी एक वाजता मी माझ्या घरून आपल्या मशीनला जोडून बघेन. चाललं तर सोमवारी भेटू. नाही चाललं, तर येण्याची तसदी घेऊ नका."

हे त्याने पूर्णिमाला सांगितलं नव्हतं. नोकरी गेली तर यवतमाळला परत जावं लागणार होतं, आणि तिथे सासरे बापूराव होते, ज्यांनी भर मांडवात पाहुण्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं होतं की जावई हुशार आहे, पण त्याच्यापाशी माणसं टिकत नाहीत. ते वाक्य त्याच्या मनात अजून सलत होतं. बापूरावांच्या ओसरीवर रिकाम्या हाताने जाऊन बसायची त्याची अजिबात तयारी नव्हती.

काम तसं किरकोळ होतं. ऑफिसातलं त्याचं जे यंत्र होतं, ते घरच्या कॉम्प्युटरच्या पोटात उभं करायचं. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. खोका नाही, तारा नाहीत, पण पडद्यावर एक चौकट उघडते आणि तिच्यात दुसरा, प्रत्यक्षात नसलेला कॉम्प्युटर सुरू होतो. त्यांच्या ऑफिसात असलं यंत्र मुळापासून कुणी बांधत नसे. एकाने कधीतरी बांधलेलं, बाकीच्यांनी कॉपी मारलेलं, अशीच रीत होती. दत्तप्रसादनेही शनिवारी स्वतःच्या यंत्राची जशीच्या तशी प्रत डिस्कवर उतरवून घरी आणली. तिच्यातलं काहीही बदलायची तसदी त्याने घेतली नाही.

रविवारी सकाळी नऊ वाजता त्याने ते सुरू केलं. सगळं हुबेहूब उघडलं, त्याच्या नावासकट, आणि मग कोपऱ्यात एक पिवळी पट्टी आली : हा पत्ता आधीच वापरात आहे.

नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला आपला एक पत्ता लागतो, आणि एका पत्त्यावर दोघे राहू शकत नाहीत, हे शिकाऊ पोरांनाही ठाऊक असतं. दत्तप्रसाद तुच्छतेने हसला. घरात एकच कॉम्प्युटर, एकच केबल, दुसरं आहेच कोण? त्याने सेटिंग बदलून पाहिलं, परत पूर्वीसारखं केलं, राउटर बंद करून चालू केला. पट्टी जाईना. शेवटी त्याने पडद्यातलं यंत्र सरळ बंद केलं आणि त्या पत्त्यावर विचारणा पाठवली. 'आहेस का?' एवढाच त्या विचारणेचा अर्थ असतो, ती आपोआप चारदा जाते, आणि त्या पत्त्यावर कुणी नसलं तर काही क्षणांनी 'उत्तर नाही' असं लिहून येतं.

उत्तर आलं. आहे. आहे. आहे. आहे. चार प्रश्न, चार उत्तरं, आणि तीही विलक्षण चपळ.

"अहो," स्वयंपाकघरातून हाक आली.

त्याने लक्ष दिलं नाही. मागे हात घालून केबल उपटली आणि पुन्हा विचारलं. आहे. आहे. आहे. आहे. आता त्याच्या कॉम्प्युटरचा बाहेरच्या जगाशी काहीही संबंध उरला नव्हता. त्याने हात मांडीवर ठेवले आणि पडद्याकडे बघत राहिला, आणि तो बघत असताना, काहीही न विचारता, खाली पाचवी ओळ उमटली. आहे.

त्याला पहिल्यांदा भीती वाटली ती तेव्हा, आणि भीती वाटली याचा त्याहून जास्त राग आला. रागाच्या भरात त्याच्या उशिरा लक्षात आलं की पूर्णिमाने दुसरी हाक मारलीच नव्हती.

तो चहासाठी बाहेर गेला तेव्हा ती ओट्यापाशी दोन कप विसळत होती, आणि चक्क गुणगुणत होती.

"माझा चहा?"

"आता तर प्यायले ना तुम्ही." ती हसली. "आणि आलं जास्त झालं म्हणाले."

"मी खोलीतून उठलेलो नाही. डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

तिचं हसू विझलं. कप पालथे घालत ती हळूच म्हणाली, "काहून ओरडून राहिले? मघाशी तर इतकं बरं बोलून राहिले होते." आणि चेहऱ्यावर तिची नेहमीची ती बंद दारासारखी मुद्रा आली, जी तिला त्यानेच दिलेली होती.

तो परत खोलीत आला. साडेदहा झाले होते. कुणाला मदत मागणं त्याच्या स्वभावात नव्हतं, पण गळ्याशी आलं की माणूस स्वभाव गुंडाळून ठेवतो. त्याने टीममधल्या अभिनवला फोन लावला, ज्याला तो एरवी मोजतच नसे.

"अरे सिम्पल आहे यार," अभिनव म्हणाला. "कॉपी मारलीस, पण अॅड्रेस चेंज नाही केलास. ओरिजिनल आणि कॉपी, दोघांचा सेम."

"ओरिजिनल ऑफिसात आहे. इथे एकटंच आहे हे."

"एकट्याचा कॉन्फ्लिक्ट होत नाही ना पण. तिथे दुसरं असणारच."

"नाही आहे म्हणतोय ना मी!"

"बरं बाबा, चिडू नको. हे बघ, नेटवर्क म्हणजे घरातल्या बायकोसारखं असतं. नाव नाही घेत, नुसतं ओरडतं, अहो. जो आधी ओ देईल तो नवरा. खरा कोण ते चेक नाही करत."

"आणि दुसरा?"

"दुसरा चालूच असतो रे. लाइट लागलेला, सगळं ओके. फक्त त्याचं कुणाला ऐकू जात नाही. नंतर आलेल्याचा अॅड्रेस बदलून टाक, विषय संपला."

अभिनवचं तोंड बंद होताच दारावर थाप पडली. घरमालक हिंदुराव होते; शेतजमिनीवर इमारत उभी राहिली तरी आवाज अजून शेताच्या बांधावरचा. त्यांनी दत्तप्रसादकडे बघून मान डोलावली. "बरं केलं बगा, लगीच फाटकातनं हलवली गाडी. दोन वर्षं सांगतोय, तर आज ऐकलं तुमी."

"कुठली गाडी?"

"तुमचीच की. मघाशी खालनं हाक मारली, तर तुमी खिडकीतनं म्हनला, आलो हिंदुराव, आन् आलाबी. नमस्कारबी घातला." त्यांनी त्याला निरखून पाहिलं. "तब्येत बरी हाय नव्हं?"

त्याने गॅलरीतून खाली पाहिलं. ज्या गाडीवरून त्याने हिंदुरावांशी दोन वर्षं भांडण पेटतं ठेवलं होतं, ती कडेच्या भिंतीला नीट लावलेली होती, इतकी सरळ की त्याने ती तशी कधीच लावली नसती. किल्ली त्याच्या खिशात होती. ती त्याने मुठीत घट्ट धरली.

भास, उन्हाचा ताप, कामाचा ताण, असं सगळं त्याने स्वतःला सांगून पाहिलं. पण घड्याळ कुणासाठी थांबत नाही. बारा वाजून गेल्यावर त्याने दाराला आतून कडी घातली आणि अभिनवने सांगितलेलं केलं. प्रत नंतर आलेली, म्हणून प्रतीचा पत्ता बदलला, केबल लावली, यंत्र सुरू केलं. पिवळी पट्टी आली नाही. सुटकेने त्याला हसू फुटलं, आणि तेवढ्यात नवी पट्टी उमटली. या वेळी पडद्यातल्या चौकटीत नाही. बाहेर, त्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर. हा पत्ता आधीच वापरात आहे.

त्याने तोही बदलला. पट्टी आली. पुन्हा बदलला. पुन्हा आली. तो जो पत्ता घेई, तो त्याच्या आधी कुणीतरी घेतलेला असे, आणि विचारलं की उत्तर येई, आहे, आहे, अगदी विनयाने. त्याने टेबलावर मूठ आपटली, शिव्या घातल्या, आणि एकाला दहा मिनिटं कमी असताना सुनीतीबाईंना फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा तो कुणाची तरी विनवणी करणार होता.

"पुन्हा फोन?" बाईंच्या आवाजात कधी नव्हे तो ओलावा होता. "आत्ताच तर झालं बोलणं. छान चाललंय आपलं मशीन, एक वाजायच्या आधीच मी सगळं बघून घेतलं. आणि दत्तप्रसाद, खरं सांगते, इतकं शांतपणे समजावताना आपल्याला मी आज पहिल्यांदा ऐकलं. सोमवारी भेटूच."

"मॅडम, मी अजून काही दाखवलेलंच नाही."

"हॅलो?"

"मॅडम, तो मी नव्हतो. ऐकताय ना?"

"हॅलो? आवाज येत नाहीये," बाई म्हणाल्या, आणि फोन बंद झाला.

नोकरी वाचली होती. यवतमाळ, ओसरी, बापूराव, सगळं टळलं होतं. आनंद व्हायला हवा होता, आणि त्याऐवजी त्याला आपली जागा अंगाखालून कुणीतरी हळूच ओढून घेत असल्यासारखं वाटलं. त्याने कॉम्प्युटरचा प्लगच काढला. पडदा काळा झाला. त्याच्या आतल्या पंख्याची घरघर थांबली, आणि त्या शांततेत स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज आला, मग पूर्णिमाची हाक.

"अहो! ताटं वाढली."

"ओ!" तो ओरडला. चार वर्षांत पहिल्यांदा, श्वास न घेता, जिवाच्या आकांताने. "ओ! आलो!"

पण त्याच्या अर्धा क्षण आधी, तिकडून, अगदी तिच्या जवळून, हळू आणि प्रेमळ आवाजात कुणीतरी ओ दिली होती. आवाज त्याचाच होता.

कडी काढून तो धावत स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. पूर्णिमा टेबलाशी बसली होती. समोरची खुर्ची फ्रिजच्या आड होती, दारातून दिसत नव्हती. दिसत होतं ते फक्त ताट, वांग्याची भाजी, आणि मोडलेली पोळी. आणखी दोन पावलं आत टाकली असती तर खुर्ची दिसली असती. ती दोन पावलं त्याला टाकवेनात.

"पूर्णिमा," तो म्हणाला. ती भात वाढत होती. "पूर्णिमा, इकडे बघ. मी इथे आहे. ऐक ना माझं, फक्त एकदा." त्याने दारावर हात आपटला, ओरडला, शेवटी रडला. तिने भातावर वरण घातलं, त्यावर तुपाची धार सोडली, आणि ताट पुढे सरकवत ती फ्रिजच्या आडच्या माणसाला म्हणाली,

"आज घर किती शांत वाटून राहिलं, नाही?"