कोंबडा छाप

बब्रुवानच्या घरात भांड्यांपेक्षा चाकू जास्त आहेत, असं त्याची बायको सत्यभामा म्हणायची, आणि त्यात फार खोटं नव्हतं. एसटीत कंडक्टर असताना तुळजापूरच्या जत्रेतल्या पालांवरून, भंगारवाल्यांच्या पोत्यांतून त्यानं हे घडीचे जुने चाकू जमवले होते. नक्षीचे, मिरवायचे चाकू त्याला नकोच असत. कारखान्यातून हजारांनी निघालेले आणि शेतकऱ्याच्या बंडीच्या खिशात झिजलेले, तेवढेच त्याचे लाडके. त्यातही कोंबडा छाप. पात्याच्या बुडाशी कोंबड्याचा ठसा असतो. तुऱ्याला तीन टोकं असली तर माल जुना, मूठ शिंगाची. दोन असली तर नंतरचा, मूठ प्लास्टिकची. हे तो त्याच्या गावात, लोहाऱ्यात, चहाच्या टपरीवर कुणालाही सांगायचा. कुणी विचारायची वाट बघत नसे.

एवढ्या चाकूंत एक नव्हता, वडिलांचा. आबांच्या खिशात तो कायम असायचा. तीन टोकांचा कोंबडा आणि पात्याच्या टोकाला काळा डाग. आबा गेले, आणि चाकू काही सापडला नाही. गावाकडं, माकणीच्या घरी आबांजवळ धाकटा भाऊ अंबादास राहायचा. म्हणजे चाकू त्यानंच दाबला, असं बब्रुवाननं ठरवून टाकलं. शेताची वाटणी त्यानं हूं की चूं न करता मान्य केली होती, पण ही गोष्ट त्याच्या मनातून जाईना. दहा-अकरा वर्षं झाली, भावाशी बोलणं नव्हतं.

यंदा अंबादासचा मुलगा रणधीर स्वतःच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला, पाया पडला. सत्यभामानं नवऱ्याकडे असं काही बघितलं की हळदीच्या दिवशी बब्रुवान मुकाट्यानं माकणीच्या जीपमध्ये बसला.

मांडवात नवरदेव हळदीनं पिवळाधमक होऊन बसला होता. हातात लिंबू टोचलेला चाकू. एकदा हळद लागली की लग्न लागेपर्यंत नवरदेवानं तो चाकू सोडायचा नसतो. बब्रुवान आशीर्वाद द्यायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. पात्याच्या बुडाशी कोंबडा. तुऱ्याला तीन टोकं. लिंबाच्या खाली काळा डाग.

तो तडक अंबादासपाशी गेला. "आबांचा चाकू पोराच्या हातात देऊन मला दाखवाया बोलिवलंस व्हय?"

अंबादासनं हातातलं ताट खाली ठेवलं. त्याचा आवाज चढला नाही, आणि बब्रुवानला तेच जास्त लागलं.

"आण्णा, त्यो आबांचा न्हाय. मागल्या म्हैन्यात तुळजापूरला घेतलाय म्या. आबांच्यासारखा दिसला म्हून घेतला."

"आन् डाग?"

"सकाळधरनं लिंबू हाय त्येच्यावर. कुठल्याबी लोखंडाला डाग पडंल." तो म्हणाला. "आबांच्या चाकूचा मागला खिळा निसटला व्हता. सायकलच्या स्पोकचा तुकडा घालून ठोकला व्हता त्येनी. म्याच धरला व्हता चाकू. तुमी तवा ड्युटीवर व्हता."

बब्रुवान पुन्हा नवरदेवाजवळ गेला. रणधीरनं मूठ उलटी करून दाखवली. दोन्ही खिळे पितळी होते, कारखान्यातले.

तो जेवला नाही. मिळेल त्या जीपनं घरी आला. कारण स्पोकचा खिळा म्हटल्याबरोबर त्याला आपल्याच घरातला एक चाकू आठवला होता.

फळीवर मांडलेल्या चाकूंकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. खाटेखालचा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा ओढला. त्यात टाकाऊ चाकू होते, मोडके आणि दुरुस्त केलेले. पहिल्या पहिल्या हौसेत तो हाती येईल तो चाकू रॉकेल लावून विटेच्या भुकटीनं घासायचा, आरशासारखा करायचा. जुना डाग हीच खरी ओळख असते, हे त्याला फार उशिरा कळलं. डब्यात तळाशी एक लखलखीत पातं होतं. तीन टोकांचा तुरा. पुढला खिळा पितळी, मागला पोलादी, बारीक. डाग घासून काढून, 'खिळा बदललेला, अस्सल नव्हे' म्हणून त्यानं स्वतःच तो बाजूला टाकला होता.

आणि मग त्याला आबा आठवले. शेवटच्या दिवसांत दवाखान्यासाठी ते लोहाऱ्याला त्याच्याकडे राहिले होते, मग माकणीला परतून तिथंच गेले. याच खाटेवर पडून त्यांनी दोनदा विचारलं होतं, "चाकवाचा डबा बघितलास का रं?" ड्युटीच्या घाईत शर्टाची बटणं लावत तो म्हणाला होता, "रोज बघतो की, आबा." चाकू कुणाच्या हातात द्यायचा नाही, वैर येतं, असं आबा मानायचे; ते चाकू खाली ठेवायचे, घेणाऱ्यानं उचलायचा. डब्यात ठेवून त्यांनी त्यांच्या परीनं तो दिला होता. बब्रुवानला तो ओळखता आला नाही.

त्याला रडू आलं. सत्यभामा शेजारी येऊन बसली.

सकाळी माकणीत वऱ्हाडाच्या गाड्या निघायच्या बेतात होत्या. बब्रुवान मांडवातून सरळ अंबादाससमोर गेला आणि चाकू जमिनीवर ठेवला.

"माझ्याच डब्यात व्हता. आबांनीच ठिवला व्हता. म्या वळखला न्हाय." त्यानं मागला खिळा दाखवला. "चुकलं माझं, अंबादास. तुला चोर ठरीवलं."

अंबादास खाली बसला. चाकू उचलून त्यानं मागल्या खिळ्यावरून अंगठा फिरवला, मग पातं उघडून उन्हात धरलं.

"लईच घासलाय, आण्णा."

"व्हय."

अंबादासनं रणधीरला हाक मारली. पूजेच्या ताटातलं एक लिंबू घेऊन आबांच्या चाकूला टोचलं आणि चाकू पुन्हा मातीवर ठेवला.

"आधी ह्यो उचल, मग त्यो सोड," तो पोराला म्हणाला. मग भावाकडे बघितलं. "सांजपतूर पडंल काळा. चला, गाडीत बसा, म्होरं बसा."