विंगेतला आवाज

पडदा उघडायची वेळ झाली होती आणि ताई आरशासमोर बसून चक्क शीळ घालत होती! मी मात्र संहितेची पानं पुन्हा पुन्हा चाळत होते. मी तिची धाकटी बहीण आणि प्रॉम्प्टर. विंगेत उभं राहून, नट अडला की पुढचं वाक्य हळूच पुरवायचं, हे माझं काम. आजवर माझा आवाज पहिल्या रांगेलाही ऐकू गेला नव्हता, आणि याचा मला भलताच अभिमान.

ताई मूळची नाटकातली. मग सिनेमात गेली. तिथे पहिल्याच दिवशी दिग्दर्शक म्हणाला, "ओरडू नका बाई, ऐकू येतं मला." आमच्या घरात ते चेष्टेचंच वाक्य झालं. एकीनं आवाज चढवला की दुसरीनं तेच म्हणायचं. नंतर मालिका आल्या. तिथे ती इतकी वर्षं खाष्ट सासू होती की दुकानदारही तिच्यापुढे चळचळ कापायचे. पण मालिकेनं एक खोड लावली. जोरदार वाक्य टाकलं की ती थिजते. कॅमेरा सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून फिरून येईपर्यंत हलायचं नाही, ही तिथली रीत. नाटकात कुठला आलाय कॅमेरा? या नव्या नाटकात ताई आईच्या भूमिकेत होती, आणि तालमीत दिग्दर्शिका कपाळाला हात लावायची. शेवटी तिनं ठणकावलं, "पहिल्या प्रयोगात थिजलात, तर पुढच्याला दुसरी आई उभी करेन."

ती दुसरी आई पाठांतर करून तयार होती. आज, पहिल्या प्रयोगाला, तिसऱ्या रांगेत बसली होती.

दोन अंक काय सांगू! ताई नुसती सुटली होती. तिसऱ्या अंकात मुलगी बॅग उचलून घर सोडते. ताई गरजली, "जायचं तर जा, पण दार उघडं ठेवून जा!"

आणि थिजली.

पुढचं वाक्य तिचंच होतं, 'मी वाट बघेन.' मी पुटपुटले. पुन्हा पुटपुटले. ताई हनुवटी वर करून जागच्या जागी. तिसऱ्या रांगेतली बाई पुढे सरकून बसली. ते बघितलं आणि माझं डोकंच फिरलं.

"वाट बघेन म्हण ना गं!"

अख्ख्या थिएटरला ऐकू गेलं. मेले, म्हटलं.

ताईनं सावकाश मान वळवली आणि आतल्या खोलीत कुणी असावं तसं विंगेकडे बघितलं.

"ओरडू नकोस. ऐकू येतं मला."

असा हशा उसळला! तो विरतोय तोवर ती मुलीकडे वळली आणि सिनेमातल्या त्या खालच्या आवाजात म्हणाली, "मी वाट बघेन." शेवटच्या रांगेत कुणीतरी नाक ओढलं. मग टाळ्या, थांबता थांबेनात!

दिग्दर्शिका धावतच मेकअप-रूममध्ये आली. "कमाल केलीत! आत कुणीतरी आहे, आईला सांभाळून घेणारं! सुचलं कसं तुम्हाला?"

"सुचतं कधीकधी," ताई म्हणाली आणि टेबलाखाली तिनं माझा हात करकचून दाबला.

"दर प्रयोगाला ठेवायचं. अस्संच!"

"मग दर प्रयोगाला आम्ही दोघी लागणार."

"अर्थात!" म्हणत ती गेलीसुद्धा.

मी हळूच विचारलं, "थिजली होतीस ना?"

"दगड झाले होते गं. कॅमेरा शोधत होते."

दोघी पोट धरून हसलो. मग तिनं मला आपल्या खुर्चीत बसवलं आणि माझ्या गालाला रंग लावायला घेतला.

"अगं, मी विंगेत असते. मला कोण बघतंय?"

"गप बस. नटी मेकअपशिवाय तोंड उघडत नाही."