उभ्या माणसाचं माप

मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून ठेवते. तीस वर्षं कपडे शिवते आहे. गिऱ्हाईक "जरा ढिलं करा" म्हणालं की मी लगेच विचारते, "जरा म्हणजे किती? अर्धा इंच की दीड?" 'जरा'वर माझा काडीचा विश्वास नाही. दहा वर्षांपूर्वी स्वयंपाकघराचं काम काढलं, तेव्हा त्या ठेकेदाराला मी "सगळं जरा नीट करून द्या" एवढंच सांगितलं होतं. त्याने बहुतेक स्वतःच्या बायकोच्या उंचीचा ओटा करून दिला. बाई ताडमाड असणार. मी अजून पाटावर उभी राहून भाजी चिरते. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, म्हणून बाथरूमच्या वेळी मी ठरवलं, आधी यादी आणि मग ठेकेदार.

बाथरूम कशासाठी, तेही सांगते. आमचे हे चार महिने दवाखान्यात होते. जिन्यावरून पडले आणि कमरेखालचं सगळं गेलं. तिथे रोज सकाळी परकी माणसं यायची, पडदा ओढायची, यांना कुशीवर वळवायची आणि पुसून काढायची. हे शाळामास्तर, भिडस्त माणूस. घरातसुद्धा कधी उघड्या अंगाने वावरले नाहीत. एक दिवस माझा हात धरून म्हणाले, "अगं, मला बाकी काही नको. घरी गेल्यावर माझी मला आंघोळ करता यावी. आतून दार लावून. तेवढं कर."

तेवढं मला करायचं होतं. त्यापुढे मला दुसरं काही सुचत नव्हतं.

आठवडाभर खपून मी यादी केली. अकरा कलमं. फरशी खरखरीत, पाण्याचा उतार कुठल्या कोपऱ्याकडे, नळ कुठे, साबणाचा कोनाडा किती उंच, भिंतीला धरायचा दांडा जमिनीपासून किती इंचांवर. काय करायचं नाही तेही लिहिलं, कारण ठेकेदार लोकांना आपल्या मनाने शोभा आणायची भारी हौस. मापं मात्र मी नव्याने घेतली नाहीत. जुन्या गिऱ्हाइकाला पुन्हा टेप लावायची माझी पद्धत नाही. वही काढायची आणि शिवायला घ्यायचं. माझ्या मापांच्या वहीत पहिलं पान यांचंच आहे. उंची पाच फूट आठ, बाही चोवीस, खांदा अठरा. त्यावरून दांडा बेचाळीस इंचांवर आला आणि कोनाडा चोपन्नवर.

ठेकेदार आला, चष्मा लावून त्याने यादी दोनदा वाचली. म्हणाला, "ताई, अशी स्वच्छ यादी मला कोणी देत नाही. लोक म्हणतात, छान करा, आणि मग भांडतात."

मी खूश झाले. स्तुती कोणाला नको असते?

मग तो दारापाशी जाऊन उभा राहिला. "सर आत कसे येणार?"

"कसे म्हणजे? दारातून."

"चालत?"

मी गळ्यातला टेप गुंडाळायला घेतला.

"नाही ताई, दार चोवीस इंचांचं आहे. चाकाची खुर्ची यायची असेल तर रुंद करावं लागेल. आत्ताच सांगा. एकदा फरशी बसली की पुन्हा तोडफोड."

"यादीत आहे का ते?"

"नाही."

"मग? जे लिहिलंय ते करा."

त्याने चष्मा काढून खिशात ठेवला. यादीखाली सही करून निघून गेला. त्या भल्या माणसाला मी उगाच फाडकन बोलले.

मला माहीत नव्हतं असं नाही. दुसऱ्याच महिन्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, पाय परत येणार नाहीत. दोनदा सांगितलं. मी मान हलवली आणि गोळ्या जेवणाआधी की नंतर, ते विचारलं. ते वाक्य मी घरी आणलंच नाही. यादीत लिहिलं असतं तर ते माझ्या अक्षरात झालं असतं, आणि मला ते सोसलं नसतं. म्हणून मी वहीतला माणूस घेतला, उभा, आणि त्याच्यासाठी बाथरूम बांधलं.

काम अगदी यादीबरहुकूम झालं. बोट ठेवायला जागा नाही.

हे घरी आले त्या दुपारी मीच खुर्ची ढकलत त्यांना तिथवर नेलं. मनात कुठेतरी वाटत होतं, जाईल. खुर्ची चौकटीला आपटली आणि थांबली. मी मागे घेतली, तिरकी केली, पुन्हा लावली. सव्वीस इंच चोवीसात जात नाहीत, हे माझ्यासारखीला कोणी सांगायला हवं?

हे बाहेरूनच बघत राहिले. समोरच्या भिंतीवर दांडा चकचकत होता. हे खुर्चीत असे खचून बसलेले की तो त्यांच्या कपाळाशी आला असता. कोनाडा तर पार डोक्याच्या वर.

"उंची बरोबर आहे," ते म्हणाले. "माझीच आहे."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. मला रडू फुटलं. "माझं चुकलं हो," मी म्हणाले, "मला सगळं माहीत होतं."

"मलाही होतं. तू बोलत नव्हतीस म्हणून मी बोललो नाही." मग म्हणाले, "कागद आण. यादी मी सांगतो."

"उद्या करू."

"आत्ता. लिही. एक, माणूस खुर्चीत बसलेला आहे."

लिहिलं.

"दोन, तो उभा राहणार नाही."

माझा हात चालेना. तीस वर्षं कापडावर सरळ रेघ मारणारा हात.

"लिही," वर्गात मागे पडलेल्या मुलासाठी थांबावं तसे ते थांबले. "मला घाई नाही."

मी लिहिलं. त्यांनी कागद मागून घेतला, वाचला, परत दिला. "आता बोलव ठेकेदाराला. आणि काम होईपर्यंत मला तूच पूस. दुसरं कोणी नको. तुला बघवत नसेल तर डोळे मिटून घे."

मी पाणी कोमट केलं, खोलीचं दार लावलं, त्यांच्या पायांवरची चादर काढली. दवाखान्यात चार महिने मी पायांवरची चादर रोज नीट करत होते, पण कधी उचलली नव्हती. मांड्या माझ्या दंडाएवढ्या झाल्या होत्या. मी डोळे मिटले नाहीत.