थेंबबाबांची पुडी

सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. व्यासपीठावर थेंबबाबांनी आठवडाभर त्यांची पुडी खाल्लेल्या एका बसचालकाला घोटभर दारू पाजली, आणि दहा मिनिटांत गड्याचा चेहरा लालभडक झाला, छाती धडधडू लागली नि तो भडाभडा ओकला.

"निघालं! व्यसनाचं भूत निघालं!" बाबा गरजले. "सात दिवस माझी पुडी घ्या, दारूच तुम्हाला घाबरेल!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बसचालकाला मागच्या दाराने उचलून दवाखान्यात नेलं, ते त्या गडबडीत कुणाला दिसलंच नाही. पुढे चार दिवस तो तिथेच होता.

मला दिसलं. मी पाट्या रंगवतो. बाबांची पाटीही माझ्याच हातची. दारू सोडून मला चाळीस दिवस झाले होते, त्यामुळे हात सरळ चालत होता आणि जरासं डोकंही. शिवाय हा चमत्कार मला तोंडपाठ होता. डॉक्टरीणबाईंनी मला दारू सोडायची गोळी देताना बजावलं होतं, "ही चालू असताना प्यालात तर तोंड लाल, छातीत धडधड, उलट्या. कधी जीवही जातो. कबूल असेल तरच लिहून देते."

दोन आठवड्यांनंतरच्या रविवारी माझ्या मेहुण्याचा नंबर होता. फिटर माणूस, सकाळी हातात जादू, संध्याकाळी पिऊन पायात गाठी. त्याच्या पुड्या मी गुपचूप बाईंकडे नेल्या. त्यांनी तपासून घेतल्या. तीच गोळी, कुटलेली! मग माझ्या बायकोने भावासाठी पुड्यांत पिठीसाखर भरली. त्याने ती सातही दिवस डोळे मिटून भक्तिभावाने खाल्ली.

रविवारी त्याने घोट घेतला. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. काहीच नाही.

"शंका! याच्या मनात शंका आहे!" बाबा ओरडले.

"शंका कसली, बाबा? अगदी मनापासून खाल्ली," मेहुणा ओठ पुसत म्हणाला. "अजून थोडी मिळेल का?"

सभागृह हसून लोळलं. डॉक्टरीणबाईंनी उभं राहून तपासणीचा कागद वाचला. बाबा म्हणाले, "हे विज्ञानाच्या पलीकडचं आहे!"

"मग आठवडाभर तुम्हीच खा पुड्या, आणि इथेच घ्या घोट," माझी बायको म्हणाली. बाबांना एकाएकी ध्यानाची वेळ आठवली. पण दारात बसचालकाची बायको पोलिसांना घेऊन उभी होती.

बाहेर पायरीवर मेहुणा रडवेला बसला होता. "भाऊजी, शेवटची आशा होती माझी. तीही घालवलीत."

मी शेजारी बसलो. "पहिल्या खेपेला मी बाराव्या दिवशी घसरलो, माहितेय? मग लाज सोडून बाईंकडे गेलो. गोळी मदत करते, पण नाही म्हणायचं काम अजून मलाच करावं लागतं. फार वाटलं की तुझ्या बहिणीला सांगतो, आत्ता प्यावीशी वाटतेय. अर्धा तास आम्ही नुसते चालतो. तेवढ्यात ती लाट ओसरते."

"आजच सोडू एकदम?"

"मनाने काही करू नकोस, झटके येतात. उद्या बाईंना विचारू."

दुसऱ्या दिवशी तो माझ्याआधी दवाखान्यात हजर होता.

तुमच्याही घरी असं कुणी असेल. औषधाचं नाव न सांगणाऱ्यासमोर तोंड उघडू नका. प्रश्न विचारायला मात्र जरूर उघडा.