शांत भाडेकरू पाहिजेत

घर बघायला निघताना मी सासूबाईंना बजावलं, "आई, तिथे तुम्ही एक शब्दही काढायचा नाही."

"का? मी काय तुझं काम बिघडवणारे?" त्या म्हणाल्या, आणि समोरच्या इमारतीतल्या बाईने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. सासूबाईंचा उभा जन्म यंत्रमागाच्या कारखान्यात गेला. त्या खडखडाटात लागलेली ओरडायची सवय सुटता सुटली नाही. त्यांनी कानात सांगितलेलं गुपित अख्ख्या जिन्याला कळतं.

शहरात आम्ही चौथ्या मजल्यावर, लिफ्टच्या नावाने शंख. गुडघे गेल्यापासून सासूबाई खिडकीतून जग बघत होत्या. म्हणून मी तळमजला शोधत होते. 'शांत भाडेकरू पाहिजेत' अशी जाहिरात देणाऱ्या मालकीणबाईंना घरातली बायामाणसं बघायची होती, तेव्हा नवऱ्याने आणि शेजाऱ्याने सासूबाईंना खुर्चीत बसवून खाली उतरवलं आणि आम्ही दोघी रिक्षाने आलो.

वस्ती बघताच मी हरखले. झाडांची सावली, कुंपणांवर वाळणाऱ्या चादरी, आणि भर दुपारी सायकलच्या साखळीची कुरकुर ऐकू यावी इतकी शांतता. खोल्या दोनच, पण लख्ख. दार उघडलं की समोर सपाट रस्ता. हे घर मला हवंच होतं.

मालकीणबाई समोर बसल्या. मी पाठ केलेलं सगळं घडाघडा बोलले. आम्ही टीव्ही हळू लावतो, पाहुणे फार येत नाहीत, भांडी आपटत नाही. त्या हसून मान डोलवत होत्या. मग सासूबाईंकडे वळल्या.

"तुम्हाला आवडलं का घर?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. शब्द काढायचा नाही म्हणजे नाही! त्यांनी तोंड चांगलं मोठं उघडलं आणि आवाज न काढता, हातवारे करत, ओठांनीच बोलायला लागल्या. कारखान्यात लांबच्या मागावरच्या बाईशी असंच बोलायचं असतं. पण परक्या माणसाला ती चेष्टाच वाटणार. मी घाईने मध्ये पडले.

"काकू, तसं नाही हो, त्या—"

मालकीणबाईंनी हाताने मला गप्प केलं. पुढे वाकून त्या सासूबाईंच्या ओठांकडे बघत राहिल्या. आधी खळखळून हसल्या, मग डोळे पुसले.

"अगं, मघापासून तू इतकं भरभर बोलतेस, एक अक्षर कळलेलं नाही मला. कान गेलेत माझे. सांगायची लाज वाटते, म्हणून नुसती मान हलवते. गलका झाला की काहीच उमगत नाही, म्हणून शांत माणसं मागते. ह्यांचं मात्र सगळं कळलं. किती दिवसांनी कुणी माझ्याशी पुरतं बोललं गं!"

मला सासूबाईंचं असं कौतुक वाटलं की त्यांना तिथेच मिठी मारावी.

"सामान कधी आणताय?" मालकीणबाईंनी त्यांनाच विचारलं, आणि उत्तर ओठांवरून वाचून किल्ली आणायला आत गेल्या.

"आई, त्यांना सांगितलंत तरी काय?"

"खरं तेच," आता त्यांचा आवाज अख्ख्या गल्लीने ऐकला. "म्हटलं, मी बोलले तर घर हातचं जाईल अशी सुनेला भीती. पण मला इथे राहायचंय हो. मरायच्या आधी एकदा माझ्या पायांनी घराबाहेर पडायचंय."

एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, पण घरात हे एकदाही बोलली नव्हती.