गार्ड काढून द्या

हत्यार आणायला जाताना सुताराने बायकोला बरोबर नेऊ नये, हे मला कुणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं. तिची साडीखरेदी चालते तेव्हा मी बिचारा दुकानाबाहेर चहा पीत उभा राहतो. तनुजाने मला तेवढी सवलत दिली नाही. माझ्या आधी तीच दुकानाची पायरी चढली.

आम्ही मूळचे बीडकडचे. इकडे पुण्याजवळ आल्यापासून मी ठेकेदाराच्या हाताखाली मोशी-चिखलीच्या नव्या बिल्डिंगींत कपाटं आणि किचनच्या ट्रॉल्या करत आलो. हात माझे, मशीन ठेकेदाराचं. आता कुठे स्वतःचं पहिलं काम मिळालं होतं, एका फ्लॅटमधली कपाटं, आणि प्लाय कापायला माझ्याकडे हाताची करवत तेवढी होती. हाताने कापत बसलो असतो तर कपाटं व्हायच्या आत घरमालकाची पोरं लग्नाला आली असती. म्हणून परवडेल अशी विजेची गोल करवत घ्यायची ठरली.

चिखलीत हिंदुरावांचं हत्यारांचं दुकान आहे. गावचे जुने शेतकरी. जमीन बिल्डरला गेली आणि तिच्यावर उभ्या राहिलेल्या बिल्डिंगच्या खालच्या गाळ्यात ते आता बसतात. त्यांनी काउंटरवर दोन मशीन ठेवली.

एक फरशी कापायचा छोटा कटर. त्याला लाकडाचं पातं लावून आमच्यातले निम्मे सुतार पोट भरतात. हलका आणि स्वस्त. दुसरी खरी गोल करवत, जड, आणि किमतीला जवळजवळ दुप्पट. तिच्या पात्याला खालून स्प्रिंगचं गार्ड होतं. करवत पुढे ढकलली की प्लायच्या कडेला लागून गार्ड मागे सरकतं, कापून झालं की आपोआप पातं झाकतं.

माझं मन कटरवर बसलं होतं. पण हिंदुरावांनी गार्ड बोटाने मागे ओढून सोडलं, ते टप्प करून बंद झालं, आणि तनुजाने ते बघितलं. तिने स्वतः ओढून सोडलं. मग पुन्हा. मग पुन्हा.

"हीच घ्यायची," ती म्हणाली.

"अगं, कटरनं पण तेच काम होतंय. दुप्पट पैसे कशाला घालायलीस?"

"कटरला असं झाकण कुठंय?"

कुकर निवडावा तशी तिने करवत झाकणावरून निवडली. तनुजा चाकणला एका कंपनीत पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेस मशीनवर पार्ट काढते. घरात नेमाने येणारा पगार तिचाच, त्यामुळे शब्दही तिचाच जड. शिवाय ती भांडली तर मला चालते, गप्प बसली की माझा जीव वर-खाली होतो. मी हो म्हटलं आणि नेहमीच्या सवयीने हिंदुरावांना सांगितलं, "गार्ड काढून द्या."

यात विशेष काही नाही. सगळेच काढतात. बारीक पट्टी कापताना गार्ड अडकतं, रेघ दिसत नाही, वेळ जातो. हिंदुरावांनी तर मी सांगायच्या आधीच स्क्रूड्रायव्हर उचलला होता.

"ठेवा तो खाली!" तनुजा कडाडली. दुकानातलं एक गिऱ्हाईक दचकून मागे सरलं. "अहो, ज्याच्यापायी दुप्पट पैसे घालायलोत, तेच काढून टाकायलात? आमच्या कंपनीतल्या छबूबाईची दोन बोटं गेली प्रेसमध्ये. अजून तिच्या हातातनं लाटणं सुटतंय. तेव्हापासून कंपनीनं दोन बटणं बसवली. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येतच नाही. मग हात आत जाईलच कसा? आणि तुमचं डोकं म्हणजे..."

माझ्या डोक्याचं पुढे काय होणार होतं ते कळलंच नाही, कारण हिंदुराव मध्येच हसले.

"बटनाचं सांगू नगा, ताई. माझा पुतण्या हाय की प्रेसवर. एका बटनात पाचर ठोकत्यात समदी. ते दाबलेलंच ऱ्हातं, एक हात मोकळा, माल भराभर. व्हय का न्हाई?"

तनुजा पर्सची चेन लावायला लागली. चेन लागलेलीच होती.

आणि मला आठवलं. दिवाळीनंतर तिने माझ्याकडून एक पाचर करून नेली होती. कॅन्टीनमधलं टेबल डुगडुगतं म्हणाली होती. बायको प्रथमच माझ्याकडे कंपनीसाठी काही मागते म्हणून मी सागाचा तुकडा शोधला, कडा घासून गुळगुळीत केल्या, वर पॉलिशचा हातही मारला.

"तनू, पर्स उघड."

"लोकांपुढं काय लावलंय हे?"

"उघड म्हणतो ना."

रुमालात गुंडाळलेली पाचर निघाली. कडा तेलाने काळ्या पडल्या होत्या आणि एका बाजूला बटणाच्या काठाचा वण उमटला होता. तिचा हात प्रेसखाली जायची सोय मी करून दिली होती, आणि तीही पॉलिश मारून.

"टेबल डुगडुगतं म्हणालीस."

"मग काय करू? मी मागं पडले की सगळी लाइन थांबते. सुपरवायझर बोलतो, बाकीच्या बाया त्याच्याहून जास्त बोलत्यात. मी नीट बघून हात घालते."

"मी पण नीट बघूनच कापणार होतो."

हातातल्या स्क्रूड्रायव्हरचं काय करावं हे हिंदुरावांना कळेना. "आमी आपलं मशीन इकतो, बाबा," असं काहीतरी ते पुटपुटले.

"तुझ्या हाताला काही झालं तर मी काय करू, सांग मला," मी म्हणालो. चार लोकांत मी असं कधी बोललो नव्हतो. तनुजाचे डोळे भरून आले. त्याचाही तिला राग आला असावा, कारण तिने ते फार जोरात पुसले.

"हिंदुराव, गार्ड राहू द्या," मी म्हणालो. "आणि पाचर माझ्याकडे राहील."

"माझं टार्गेट?"

"होईल तेवढं होईल."

"मग तुमचं पण होईल तेवढंच होईल. गार्ड सुतळीनं वर बांधून ठेवायचं नाही. मला सगळं माहितीय."

हे तिला कुणी सांगितलं देव जाणे. करवत घेऊन आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवशी फ्लॅटमध्ये मी एकटाच होतो. पहिल्याच बारीक पट्टीला गार्ड अडकलं. सुतळी पिशवीत होती, हातही तिकडे गेला. चार शिव्या घातल्या, करवत बंद केली, पट्टी पुन्हा नीट आवळून घेतली आणि सावकाश कापली. दिवसभर हेच चाललं. संध्याकाळी घरमालक येऊन म्हणाला, "रोहिदास, या वेगानं माझं घर कधी लागायचं?" मी मान खाली घालून भुसा झाडला.

तनुजा कंपनीच्या बसमधून उतरली ती पाय ओढत.

"किती झाले?" मी विचारलं.

"रोजच्यापेक्षा पुष्कळ कमी. दिवसभर सुपरवायझर डोक्यावर उभा. असंच चाललं तर पॅकिंगला टाकतो म्हणाला, तिथं पैसे कमी. तुमचं?"

"एका कपाटाचा प्लायसुद्धा पुरा कापला नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग पदर तोंडाला लावून हसायला लागली. मलाही हसू आवरेना. उद्या दोघांनाही बोलणी खायची होती आणि आम्ही वेड्यासारखे हसत होतो.

तिने ताटं वाढली. मी भाकरी मोडणार, एवढ्यात म्हणाली, "हात दाखवा."

मी दोन्ही हात पुढे केले. तिने ते उलटसुलट करून पाहिले, बोटांच्या फटींतला भुसा फुंकला.

"आता तुझे," मी म्हणालो.

तिने दोन्ही हात माझ्या हातांवर ठेवले, आणि ताटातली भाकरी गार होईपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो.