चिमणाबाई दहाव्याला बोलली ते

सावळीरामनानाच्या रानात आमची टोळी कांदे काढायला लागली, तो चैत्राचा महिना. टोळी चिमणाबाईची. आम्ही बारा बाया अन् गडी एकच, तिचा नवरा पुंजा. आम्ही कांदे उपटायचो, पात कापायचो, अन् पुंजा पाट्या वाहून ढीग लावायचा. काम उक्तं घेतलेलं. उक्त्या कामाला घड्याळ नसतं, उरकलं की सुटका.

त्या दिवशी अकरालाच माती हात लावू देईना. वारा असा, जशी भट्टीची झाप उघडलीय. पुंजा डोक्यावरची पाटी टेकवून म्हनला, "चिमने, डोकं गरगरतंय. जाऊ का घरी?"

चिमणाबाईनं वर बी पाह्यलं नाय. "एवढी शेवटची रांग वाहा अन् जा. उद्या परत हितं कोण येतं?"

पुंजा गुमान पाटी उचलून गेला. त्याला उलट बोलताना मी जन्मात ऐकलं नाय.

पाऊण तासानं तो बांधाला बसला तो बसलाच. अंगाला घामाचा थेंब नाय, कातडं तव्यावानी तापलेलं. मरून चार वर्षं झालेल्या बैलाला नाव घेऊन हाका मारायला लागला. नानानं सोता पिकअप काढली. लासलगावचा दवाखाना यायच्या आत चिमणाबाईच्या मांडीवरच त्याची मान कलंडली. डॉक्टरनं कागदावर लिहिलं, हृदय बंद पडलं.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आलो, तव्हा गावाच्या ग्रुपवर पुंजाचा फोटो आल्ता. टाकणारा अमित, नानाचाच पुतण्या. शेतकीचं शिकून आलेला, गावात शेतीच्या औषधांचं दुकान हाय त्याचं. फोटोखाली लिहिलेलं, 'हवामान बदलाचा आपल्या गावातला पहिला बळी.'

नानानं लगोलग बोलून पाठवलं, "पुंजाला आधीपासून छातीचा त्रास होता. ऊन काय आज पडायला लागलं? मी बहात्तरचा दुष्काळ पाह्यलाय. ही परदेशी खुळं गावात आणू नका."

पुंजाला छातीचा त्रास व्हता, हे चिमणाबाईला तव्हाच कळलं.

मग जी जुंपली! अमितकडची पोरं तापमानाचे आकडे टाकायची, नानाकडची मान्सं म्हनायची, "पगारी शास्त्रज्ञांचे आकडे हे. दुकान चालायला पाह्यजे ना याचं!" कोणी म्हनायचं, अमित मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातोय. कोणी म्हनायचं, नानाच्या रानात मेला म्हनून नाना ऊन झाकतोय. चार दिवसांत पारावर नानाची मान्सं अन् दुकानापुढं अमितची, असे दोन कळप झाले. दोन रेडे टकरीला लागले की झाडाचा काळ व्हतो.

झाड म्हंजी धोंडाबाई. पुंजाची पाठची बहीण, आमच्याच टोळीत. तिचा नवरा नानाचं रान वाट्यानं करतो. त्यानं तिला दम भरला, "त्या घरी अमितची पोरं बसत्यात. तू पाय टाकायचा नाय." सख्खा भाऊ गेला अन् बहीण सुतकात भावाच्या दारी येईना. चिमणाबाईच्या घराला लागून माझं घर, त्याच्या मागं उभी राहून रडून जायची.

दहावा गोदावरीच्या काठी झाला. पिंड झाले अन् श्रद्धांजलीला माईक फिरायला लागला. अमित उठला. धा वर्षांचं ऊन, गारपीट, बिगरमोसमी पाऊस, सगळं तारखेसकट बोल्ला. खोटं काय बोल्ला नाय, पण पुंजाचं नाव त्यानं दोनदाच घेतलं. नानाकडून आवाज आला, "दहावा हाय का सभा?" नानानं माईक ओढला, पोरांनी धरून ठेवला. ओढाताणीत हारातला फोटो आडवा झाला.

चिमणाबाई उठली. तिनं फोटो नीट केला अन् माईक मागितला. आम्ही चरकलोच. चारचौघांत ती कव्हा बोल्ली नव्हती.

"चाळीस वर्षं रानात काढली मी," ती म्हनली, "असं ऊन पाह्यलं नाय. पूर्वी आम्ही बारापर्यंत उपटायचो, आता दहालाच माती भाजती. अमितभाऊ सांगतो ते खरं हाय. अन् त्या दिवशी ह्यांना घरी जायचं व्हतं. मीच जाऊ दिलं नाय. चूक माझी हाय. दोन्ही खरं हाय. छातीचं त्यांना कायबी नव्हतं, नाना. तुमच्यातल्या एकानं तरी मला इचारायचं व्हतं."

मला वाटलं, मिटलं.

दुपारी ग्रुपवर तिचे दोन व्हिडिओ आले. एका बाजूनं टाकला तो 'अमितभाऊ सांगतो ते खरं हाय' इथं संपत व्हता. दुसऱ्या बाजूचा 'मीच जाऊ दिलं नाय' इथं सुरू व्हायचा अन् 'चूक माझी हाय' म्हनताच बंद. माझ्या फोनवर तिनं दोन्ही पाह्यले. पुन्यांदा लावायला सांगितले. मग म्हनली, "एवढं सरळ बोलले व्हते गं मी."

तेरावं झालं अन् ती टोळी घेऊन परत नानाच्याच रानात उभी राह्यली. नानाच्या दुसऱ्या वावरातला कांदा काढायचा राह्यला व्हता, काम तिथंच व्हतं. नानाला म्हनली, "पाचला येऊ, दहाला जाऊ. चार दिवस जास्तीचे लागतील."

"म्हंजी अमितच्या बाजूची झालीस तू!"

"बाजू कसली, नाना? डोक्यावर ऊन येतं म्हनून घरी जाते."

कांदा रानात सडू द्यायचा नव्हता, म्हनून नाना कबूल झाला. तिकडं अमित वाटंत भेटून म्हनला, "मावशी, आपल्या बाजूनं आलात, बरं झालं." चिमणाबाई पदर वढून पुढं गेली.

पहिल्या दिवशी दहाला आम्ही इळे पुसले अन् उठलो. धोंडाबाई उठंना.

"वन्सं, चला."

"तुम्ही जा, वयनी. दहाला उठलीस तर घरात घेणार नाय म्हनलेत हे. नानाकडचं कोणी उठायचं नाय म्हंत्यात." खाली मान घालून ती पात कापत राह्यली.

आम्ही बांधापर्यंत गेलो. चिमणाबाई थांबली. भाकरीचं फडकं माझ्या हातात देऊन माघारी फिरली. सूर्याच्या अंगाला जाऊन धोंडाबाईच्या पाठीशी उभी राह्यली, पदर दोन्ही हातांनी ताणून. सावली धोंडाबाईच्या डोक्यावर अन् मानंवर पडली. धोंडाबाईनं वर पाह्यलं नाय. तिचे खांदे हलत व्हते अन् इळा चालत व्हता.

मी वरडले, "आक्का, किती वेळ उभी ऱ्हानार?"

"हिची रांग उरकंस्तवर."

ऊन चढत व्हतं तशी सावली आखडत व्हती, अन् चिमणाबाई तेवढं पाऊल पुढं सरकत व्हती.